प्रत्येक आश्रमशाळेला एक केळुसकर गुरुजी हवेत, आणि पगारावर हवेत

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक पास झाले, सत्कार झाला आणि त्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. पण मला त्या पुस्तकापेक्षा त्याच्या आधीचा आणि नंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटत आलाय. गुरुजी बाबासाहेबांच्या शाळेचे नव्हतेच हो, ते विल्सन हायस्कूलचे आणि बाबासाहेब एल्फिन्स्टनचे. चर्नी रोडच्या बागेत एक पोरगा एकटा वाचत बसलेला दिसतो म्हणून त्यांनी आपणहून चौकशी केली, ओळख वाढवली, पुस्तकं देत राहिले. पुढे कॉलेजात असताना घरचे पैसे पुरेनात तेव्हा हेच गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले, महिना २५ रुपये सुरू झाले, आणि १९१३ ला कोलंबियाला गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. हुशारी बाबासाहेबांची, रात्र रात्र जागून केलेला अभ्यास त्यांचा, त्यात वाटेकरी कुणी नाही. पण कुठलं दार ठोठवायचं, कधी ठोठवायचं आणि आत गेल्यावर काय बोलायचं हे माहीत असलेलं एक मोठं माणूस त्यांच्याबरोबर चालत गेलं, आणि एकदाच जाऊन थांबलं नाही.

आज आदिवासी मुलांच्या उच्च शिक्षणाबद्दल बोलताना आपण सगळ्यावर बोलतो, आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृहं, टॅब, इंटरनेट. हे बरोबर चालणारं माणूस कुठून येणार यावर फारसं कुणी बोलत नाही. ते नशिबानं मिळालं तर मिळालं. माझं म्हणणं असं आहे की ते नशिबावर सोडायचंच नाही, ते एक पद हवं, प्रत्येक आश्रमशाळेत, पगारी, आणि शक्यतो त्याच समाजातून शिकून पुढे गेलेल्या ताई-दादांमधून भरलेलं.

सध्या मेंटॉरिंग म्हणून, म्हणजे असं सोबत राहून मार्गदर्शन म्हणून, जे चालतं ते मी जवळून बघितलंय, त्यात भागही घेतलाय, म्हणून बोलते. शहरातून एक टीम येते, हॉलमध्ये दोनशे पोरं मांडी घालून बसवलेली असतात, प्रोजेक्टर लागतो, स्वप्नं मोठी बघा, तुम्ही पण कलेक्टर होऊ शकता, टाळ्या, फोटो, संध्याकाळी गाडी परत. येणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, उलट बहुतेक जण स्वतःची सुट्टी घालवून आलेले असतात. पण दुसऱ्या दिवशी त्या हॉलमधल्या एखाद्या पोराला प्रश्न पडला की अकरावीला सायन्स घेऊ का, आमच्या आश्रमशाळेत तर फक्त आर्ट्स आहे, मग कुठल्या गावाला जाऊ, तिथं हॉस्टेल मिळेल का, तर विचारायला कुणी नसतं. कलेक्टर व्हायची इच्छा जागी झाली आणि अकरावीचा फॉर्म कुठून भरायचा हे माहीत नाही, या दोन गोष्टींच्या मधे पोरं अडकतात. २०२५ पासून तर अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालेत, कॉलेजांचे पसंतीक्रम टाकायचे, फेऱ्यांची वाट बघायची, मुदतीत जाऊन प्रवेश नक्की करायचा. शहरातल्या शिकलेल्या आईबापांची सुद्धा त्यात धांदल उडते, मग धडगाव नाहीतर भामरागडच्या पोरानं काय करायचं.

आकडे बघायचेच असतील तर, २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासींची संख्या १ कोटी ५ लाख होती, म्हणजे राज्याच्या सव्वानऊ टक्क्यांच्या वर. केंद्राच्या उच्च शिक्षणाच्या सर्वेक्षणात २०२१-२२ साठी देशभरातलं १८ ते २३ वयोगटाचं कॉलेजमधलं प्रमाण २८.४ टक्के येतं आणि आदिवासींचं २१.२. बरेच जण हे बघून म्हणतात की चला, फरक सातच टक्क्यांचा राहिलाय, कमी होतोय. कमी होतोय हे खरंय आणि त्याचा आनंद आहेच. पण हा आकडा फक्त नाव कुठंतरी नोंदवलं गेलं एवढंच सांगतो. कुठल्या कोर्सला, कुठल्या कॉलेजला, पहिल्या वर्षानंतर पोरगं तिथं आहे का, यातलं त्या आकड्यात काही दिसत नाही, आणि माझ्या अनुभवात खरी गळती तिथंच आहे.

आता एका मुलीचं सांगते. मोखाडा तालुक्यातली, वारली समाजातली, घरात दहावी झालेली पहिलीच. दहावीला होती तेव्हा ओळख झाली, तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आमचा फोन असतो. सुरुवातीला मला वाटायचं आपण हिला इंग्लिश आणि फिजिक्स शिकवू, हिचा आत्मविश्वास वाढवू वगैरे. पण अभ्यासाची मदत तिला माझ्याकडून फार लागलीच नाही, तिच्या सरांनी ती छान केली होती. तिला मदत लागली ती एका निळ्या प्लास्टिकच्या फाइलसाठी. त्या फाइलमध्ये शाळा सोडल्याचा दाखला, आधार, वडिलांचं आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला. आणि यातल्या तीन कागदांवर वडिलांचं नाव तीन तऱ्हेनं. शाळेच्या जनरल रजिस्टरला गुरुजींनी ऐकलं तसं लिहिलेलं, आधारवाल्यानं त्याला वाटलं तसं टाईप केलेलं, आणि रेशनकार्डावर घरातलं हाक मारायचं नाव. वडिलांना स्वतःला तिन्ही नावं आपलीच वाटतात, आणि आहेतच. पोर्टलला मात्र ती तीन वेगळी माणसं वाटतात.

शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, भरायचा तर ओटीपी येतो. ओटीपी कुणाच्या नंबरवर, तर आधारला जोडलेल्या. आधारला जोडलेला नंबर कुणाचा, तर मोठ्या भावाचा, कारण आधार काढलं तेव्हा घरात फोन त्याच्याकडेच होता. आणि भाऊ कुठं, तर दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर. सकाळी तो कामावर असताना ओटीपी गेला तर तो बघणार दुपारी, तोवर त्याची दहा मिनिटं कधीच संपलेली. आम्ही शेवटी ठरवलं की रात्री साडेआठला भाऊ जेवायला बसतो तेव्हाच लॉगिन करायचं, ती इकडे टेकडीवर रेंज असलेल्या जागी, भाऊ तिकडे भट्टीवर, मी मधे कॉन्फरन्स कॉलवर. तीन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री अर्ज सबमिट झाल्याचा मेसेज आला तेव्हा तिघंही काही सेकंद गप्पच होतो. या तीन रात्री कुठल्याच मार्गदर्शन शिबिरात येत नाहीत, पण त्या झाल्या नसत्या तर ती मुलगी आज कॉलेजात नसती, हे मी अगदी खात्रीनं सांगते.

मग व्हॅलिडिटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, महाराष्ट्रात २००१ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे नुसता जातीचा दाखला चालत नाही, राखीव जागेवर व्यावसायिक कोर्सला प्रवेश घ्यायचा तर पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातींसाठी पुरावा शक्यतो ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा हवा, कारण जमातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा. म्हणजे आजोबांचा नाहीतर पणजोबांचा कागद. आता ज्यांचे आजोबा कधी शाळेतच गेले नाहीत, ज्यांच्या नावावर सातबारा कधी झालाच नाही, त्यांनी काय आणायचं? मग तहसीलला जाऊन जुन्या जन्ममृत्यू नोंदी काढायच्या, गाव नमुना १४, कोतवाल बुक, मोडी असेल तर वाचणारं माणूस शोधायचं. एवढं सगळं होईपर्यंत बारावीचा निकाल लागलेला असतो आणि प्रवेशाच्या फेऱ्या चालू.

हा कायदा का आला हे मला कळतं. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा पळवणारे होते आणि आहेत, त्यांना चाप हवाच, याबद्दल आदिवासी संघटनाच सगळ्यात आग्रही आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. पण चोरासाठी लावलेल्या कुलपाची किल्ली घरमालकाच्याच पोराला सापडत नसेल तर त्याला ती शोधून देणारं कुणीतरी नेमायला नको का?

आणि यातली एक गोष्ट मला फार आत लागते. कागद कमी पडले तर दक्षता पथकाची चौकशी होते, आप्तभाव चाचणी म्हणून एक प्रकार असतो, त्यात तुमचे देव कुठले, लग्नात काय विधी करतात, बोलीत अमुक शब्दाला काय म्हणतात असं विचारतात. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नाही, सगळ्या पुराव्यांबरोबर ती बघायची, ते चांगलंच झालं. पण त्या पोराच्या जागी उभं राहून बघा. पहिलीपासून दहावीपर्यंत त्याला शाळेत सांगितलं गेलं की नीट बोल, गावठी बोलू नकोस, त्यानं आपली बोली तोंडातून पुसून टाकली म्हणून शाळेत शाबासकी मिळाली, आणि अठराव्या वर्षी सरकारी टेबलापलीकडून त्याला विचारतात की तुझ्या बोलीत सांग बघू, म्हणजे तू खरा की खोटा ते कळेल. एकाच व्यवस्थेची ही दोन टोकं आहेत आणि मधे एक पोर उभं आहे.

म्हणूनच मी मेंटॉर त्याच समाजातला असावा असं म्हणते, आणि हा भावनेचा मुद्दा नाही. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, माडिया आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, त्यांचं मराठीशी घरातलं नातंच नाही. मेळघाटातलं कोरकू पोर पहिलीत येतं तेव्हा मराठी त्याच्यासाठी परकीच असते, मग पुढे मराठीवरून इंग्लिश, म्हणजे कॉलेजला पोचेपर्यंत त्यानं दोन वेळा भाषा बदललेली असते आणि दोन्ही वेळेला पहिल्यापासून सुरुवात. या प्रवासात आपली बोली लपवायची गोष्ट नाही हे मी पुण्यात बसून किती वेळा सांगितलं तरी त्याला वजन येत नाही. पण त्याच पाड्यावरचा एखादा दादा, जो पॉलिटेक्निक करून आलाय आणि कोरकूतच बोलतो, त्यानं नुसतं समोर उभं राहिलं तरी काम होतं. मी त्या मुलीला चार वर्षांत जे देऊ शकले नाही ते तिला नर्सिंगला एक वर्ष पुढे असलेल्या एका वारली ताईनं पंधरा दिवसांत दिलं. तिनं सांगितलं, मेसमध्ये पहिले दोन महिने कुणाशी बोलावंसं वाटणार नाही, ते सगळ्यांचं होतं, सुट्टीला घरी पळून येऊ नकोस, माझ्या रूमवर ये. मला हे सुचलंच नसतं, कारण मला ते कधी झालंच नाही.

यावर लोक म्हणतात, आरक्षण आहे की, राज्यात सात टक्के, केंद्रात साडेसात टक्के, शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहं आहेत, वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वयंम योजनेत खोलीभाड्याला आणि जेवणाला पैसे मिळतात, अजून काय पाहिजे? मी या सगळ्या योजनांची बाजू घेणारी आहे, त्या नसत्या तर बोलण्यासारखंच काही नव्हतं. पण योजना म्हणजे लांबचं स्टेशन. गाडी आहे, तिकीटही माफ आहे, पण स्टेशनपर्यंतचा रस्ता कुणी दाखवलेला नाही आणि गाडीची वेळ दर वर्षी बदलते. आरक्षणाची जागा रिकामी राहिली की लोक लगेच म्हणतात बघा, त्यांनाच नकोय. त्या रिकाम्या जागेपर्यंत किती पोरं निघाली होती आणि कुठल्या टेबलावरून परत गेली हे कुणी मोजत नाही.

आमच्या या मोखाड्याच्या मुलीच्या बाबतीत सुद्धा एका कॉलेजनं सांगितलं की फी आत्ता पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. उत्पन्न अडीच लाखांच्या आतलं, भारत सरकारची शिष्यवृत्ती बसते, हे सगळं कागदावर समोर होतं. तिचे वडील मान डोलावून उठले आणि बाहेर येऊन मला फोनवर म्हणाले, "ताई, जाऊ द्या, आमच्या नशिबात नाही." ते भांडले नाहीत, कारण ऑफिसातल्या माणसाचं म्हणणं हा त्यांच्यासाठी निर्णय असतो, आपल्यासारखी ती चर्चेची सुरुवात नसते. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले, प्राचार्यांना भेटले, वीस मिनिटं शांतपणे बोलले आणि प्रवेश झाला. वीस मिनिटं! मी काही वेगळं बोलले नव्हते, तिच्या वडिलांकडे होते तेच कागद माझ्याकडे होते. फरक एवढाच की तिथं खुर्चीवर बसून पुन्हा विचारता येतं हे मला लहानपणापासून माहीत आहे.

दुसरं म्हणणं येतं की ज्याच्यात धमक असते तो शिकतोच, आणि लगेच डॉ. राजेंद्र भारूडांचं उदाहरण देतात. साक्री तालुक्यातलं सामोडे, भिल्ल कुटुंब, जन्माच्या आधीच वडील गेलेले, आईनं मोहाची दारू विकून वाढवलं, आणि मुलगा डॉक्टर झाला, आयएएस झाला, नंदुरबारचा कलेक्टर झाला. किती मोठी गोष्ट आहे, मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. पण त्यांचीच कहाणी नीट ऐका ना, त्यात शाळेतले शिक्षक आईला सांगतात की हा मुलगा वेगळा आहे, याला चांगल्या शाळेत घाला, आणि मग नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, येतं. म्हणजे तिथंही कुणीतरी बघणारं होतं. नवोदयची परीक्षा सहावीच्या प्रवेशासाठी असते, म्हणजे पाचवीतच कुणीतरी फॉर्म भरायला लागतो. तो फॉर्म कुणी भरलाच नाही अशी किती मुलं असतील, त्यांची कहाणी सांगायला कुणी येणार नाही.

तिसरं म्हणणं जास्त अवघड आहे आणि ते मी टाळणार नाही. काही कार्यकर्ते, आणि त्यात आदिवासी समाजातले जुनेजाणते लोक पण आहेत, ते म्हणतात की तुम्ही हुशार पोरं उचलून शहरात नेता, ती परत येत नाहीत, जंगल, शेती, बोली सगळ्यापासून तुटतात, आणि तिकडेही त्यांना कुणी आपलं म्हणत नाही. यात तथ्य आहे. ती मुलगी पहिल्या वर्षाच्या दिवाळीला घरी गेली तेव्हा रविवारी फोनवर मला म्हणाली की ताई, आईशी काय बोलू तेच कळत नाही, मी तिकडचं सांगते ते तिला कळत नाही आणि ती इकडचं सांगते ते मला आता बारीक वाटायला लागलंय, आणि असं वाटतं म्हणून मला माझाच राग येतो. मी त्या दिवशी तिला काही शहाणपणाचं सांगू शकले नाही. पण म्हणून शिकवायचंच नाही हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. तुटणं होतं ते एकटं पाठवल्यामुळे. एका पाड्यावरून एकच पोर गेलं तर ते तुटणारच, चार गेली, त्यांच्या आधी दोन गेलेली असली, सुट्टीला सगळी मिळून गावात आली, तर ती गावाचीच राहतात. गडचिरोलीतल्या हेमलकशाला १९७६ मध्ये शाळा सुरू झाली, तिथून शिकलेले माडिया तरुण डॉक्टर, शिक्षक, वकील होऊन त्याच भागात काम करतायत, म्हणजे हे होऊ शकतं. आणि परत यायचं की नाही हा निर्णय शेवटी त्या पोराचा आहे. आपल्या मुलांना पुण्याहून बंगलोरला जाताना आपण गाव सोडल्याचा जाब विचारत नाही.

आता पदाबद्दल. शिक्षक आहेत, अधीक्षक-अधीक्षिका आहेत, त्यांनाच सांगा ना हे काम, असं कुणीही म्हणेल. आश्रमशाळेतल्या अधीक्षिकेचा दिवस एकदा बघा. पहाटे पोरींना उठवण्यापासून रात्री दिवे बंद होईपर्यंत, मधे धान्याचा हिशोब, आजारी पोरीला घेऊन सरकारी आरोग्य केंद्र, कुणाच्या बापानं येऊन घातलेला गोंधळ. त्यांच्या डोक्यावर हे टाकलं तर एक नवं रजिस्टर तयार होईल आणि दुसरं काही होणार नाही. स्वयंसेवकांवरही टाकता येत नाही, मी स्वतः स्वयंसेवक असून हे म्हणते. आम्ही नोकरी सांभाळून करतो, एका वर्षी माझ्या घरात आजारपण होतं तेव्हा दोन महिने रविवारचे फोन चुकले, आणि त्याच दोन महिन्यांत ती कॉलेज सोडायच्या विचारापर्यंत आली होती. अमेरिकेतल्या संशोधनात २००२ मध्येच दिसलंय की मेंटॉरचं नातं तीन महिन्यांच्या आत तुटलं तर मुलांची स्वतःबद्दलची किंमत आधीपेक्षाही खाली जाते, म्हणजे अर्धवट मदत ही मदत नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते. हे वाचल्यापासून मी नवीन कुणाला उत्साहात ये ये म्हणत नाही. चार वर्षं देता येणार असतील तरच ये, असं स्पष्ट सांगते. यवतमाळमधून सुरू झालेल्या एकलव्यसारख्या संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी हे काम शिस्तीत करतायत, तिथून शिकण्यासारखं खूप आहे, पण एक संस्था किती ठिकाणी पोचणार?

राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत. म्हणजे हजार माणसं. नाशिकला आदिवासी विकास आयुक्तालय आहे, खाली ठाणे, नाशिक, अमरावती, नागपूर अशी अपर आयुक्त कार्यालयं, त्याखाली प्रकल्प कार्यालयं, सगळी उतरंड तयार आहे, नवीन काही उभारायचं नाही. त्या त्या भागातले पदवीधर आदिवासी तरुण घरी बसलेत, त्यांना हे काम द्या. काम आठवीपासून सुरू व्हावं आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत चालावं, शाळा संपली की माणूस सुटला असं नको. आठवीत कागद तपासायचे, नावं दुरुस्त करायची, नववीत एकदा खरं कॉलेज आणि खरं हॉस्टेल दाखवून आणायचं, दहावीनंतर सायन्स कुणाला झेपेल आणि कुणाला आयटीआय जास्त उपयोगी पडेल हे पोराशी आणि आईबापाशी बसून, त्यांच्या अंगणात, त्यांच्या भाषेत बोलायचं. आणि त्या माणसाचं काम किती पोरांना सेमिनारला बसवलं यावर मोजायचं नाही, तर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला किती पोरं वर्गात आहेत यावर मोजायचं.

उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त पोरं तिथं हातातून सुटतात. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, वसतिगृह रिकामं होतं, पोर घरी जातं किंवा आईबापांबरोबर भट्टीवर, नाहीतर तेंदूपत्त्याला. सीईटी, निकाल, फेऱ्या, मुदती, सगळं याच तीन-चार महिन्यांत होतं, आणि नेमकं तेव्हाच शाळेचा हात सुटलेला असतो आणि कॉलेजचा लागलेला नसतो. अमेरिकेत यालाच समर मेल्ट म्हणतात, कॉलेज ठरलेली पोरं उन्हाळ्यात विरघळून जातात आणि सप्टेंबरला वर्गात दिसत नाहीत, त्यात गरीब घरांतली जास्त. तिकडे त्यावर उपाय म्हणून उन्हाळ्यात फोन आणि मेसेज करणारी माणसं ठेवून बघितली तर बऱ्याच ठिकाणी फरक पडला. आपल्याकडे तर मेसेजला रेंज नाही, त्यामुळे आपल्या माणसाला भट्टीवर जायला लागेल, आणि जायला लागेल तर जाण्याचा प्रवासखर्च त्याला मिळायला पाहिजे.

मुलगी आता बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिनं तिच्या पाड्यावरच्या तीन पोरांच्या फाइली माझ्याकडे व्हॉट्सअॅपवर पाठवल्या, प्रत्येक कागदाचा सरळ फोटो, आणि खाली लिहिलेलं की यातल्या दोघांच्या आधारवर वडिलांचं नाव चुकीचं आहे, मी सुट्टीत गेले की त्यांना केंद्रावर घेऊन जाते, तोवर तुम्ही तिसऱ्याचं बघा. तिसरा अकरावी सायन्सला आहे. त्याच्या पणजोबांची नोंद तहसीलला सापडते का बघायला पुढच्या आठवड्यात रजा टाकली आहे, कारण व्हॅलिडिटीचा अर्ज प्राचार्यांच्या सहीनं याच वर्षी गेला तरच बारावीच्या निकालापर्यंत हातात काही येण्याची शक्यता आहे.